थंडीच्या रात्री फ्लाय फिशिंगचं वाचन कसं करावं

दिवाळी सरली की खानापूर-जांबोटी पट्ट्यात रात्री लवकर गार पडतात. पहाटे मलप्रभेवर धुकं बसलेलं असतं, पाण्यात हात घातला तर बोटं आखडतात, आणि पावसाच्या तोंडावर उड्या मारणारा मासा डोहाच्या तळाशी जाऊन बसलेला असतो. गळ टाकून तासन् तास बसावं आणि रिकाम्या हातानं परतावं, असे हे दिवस. फ्लाय फिशिंगबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं बहुतेक मी याच दिवसांत शिकलो. जेवण झाल्यावर घोंगडं पांघरून, मोबाइलवर वाचत. त्यासाठी एक रुपयाचंही पुस्तक विकत घ्यावं लागलं नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आपण गरवतो तेव्हा गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो आणि शिशाच्या वजनानं तो लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून नकली किडा बांधतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून लांब फेकायची असते ती जाड, जड दोरी, आणि किडा तिच्यामागून हलकेच पाण्यावर उतरतो. या नकली किड्याला इंग्रजीत फ्लाय म्हणतात. मी पुढे माशीच म्हणेन.

इंग्लंड-स्कॉटलंडात ट्राउट माशाचा हंगाम शरदात बंद होतो तो वसंतात उघडतो. मधल्या काळात तिथले लोक वाचतात आणि माश्या बांधतात. आपल्याकडे नदी गोठत नाही, पण थंडीतलं वाचन आपल्यालाही सोसतं. फक्त ते कुठून सुरू करायचं, इथं बहुतेक जण चुकतात. मीही पहिल्या वर्षी चुकलो होतो: थेट ट्राउटची पुस्तकं उघडली आणि महिनाभरात कंटाळलो, कारण त्यातला एकही मासा मी कधी पाहिला नव्हता.

आधी पुस्तकं फोनमध्ये घ्या

तीन ठिकाणं पुरतात: इंटरनेट अर्काइव्ह, प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. तिन्ही फुकट आहेत. जुनी, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं तिथं उघडपणे ठेवलेली असतात, त्यामुळे उतरवून घेताना मनात शंका नको. गुटेनबर्गवरची पुस्तकं माणसांनी तपासलेली असतात. ईपब स्वरूपात घ्या, फाइल हलकी असते आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. इतर दोन ठिकाणी पानांचे फोटो असतात. तिथं मात्र पीडीएफ घ्या, जड असली तरी. त्यांचा ईपब यंत्रानं अक्षरं ओळखून केलेला असतो. त्यात माशांची नावं हमखास बिघडतात आणि चित्रं तर हातची जातात. आमच्या गावात नेटवर्क रडतखडत चालतं, म्हणून मी बेळगावला कामाला गेलो की तिथंच चार-पाच पुस्तकं उतरवून आणतो.

इंग्रजी जुनं आहे म्हणून घाबरू नका. अडलेल्या परिच्छेदाचा फोटो काढून गुगल लेन्सला दाखवा, मराठीत ढोबळ अर्थ मिळतो. माशांच्या नावांबाबत मात्र त्याच्यावर विसंबू नका. तो काहीही लावतो.

पहिलं वाचन: सायक्सचे दख्खनचे मासे

माझं ठाम म्हणणं आहे की बेळगाव, चिक्कोडी, निपाणी, खानापूर भागातल्या मराठी वाचकानं सुरुवात माशी-बिशीनं करूच नये. कर्नल विल्यम हेन्री सायक्सच्या निबंधानं करावी. हा लष्करी अधिकारी. मुंबई सरकारनं त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं होतं आणि त्या फिरतीत त्यानं इथले पक्षी, प्राणी, मासे टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीनं १८४१ साली चित्रांसह छापला. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत तो आहे. शोधताना एक अडचण येते: दख्खनचं स्पेलिंग त्यानं आजच्यासारखं केलेलं नाही. डी, यू, के, एच, यू, एन असं टाइप करा, मग सापडेल.

आता तो उघडा आणि नावं मोठ्यानं वाचा. सायक्सनं माशांना शास्त्रीय नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं लॅटिनच्या जागी तशीच बसवली. मिस्टस सींगटी हे शास्त्रीय नाव वाचलं आणि मला माझ्या मामांचा रक्तानं माखलेला अंगठा आठवला, कारण ही आपली शिंगटीच. गळातून सोडवताना कल्ल्यामागचा काटा मारते ती. नुक्ता नावाचा मासा आहे, त्याच्या थोबाडावर खोल खाच आणि वर टेंगूळ. चित्र पाहिलं की नकटा हा शब्द आपोआप तोंडात येतो. बलूकी आहे, चांदीच्या पात्यासारखी बारकी, पाण्याच्या वरच्या थरात झुंडीनं फिरणारी. आणि महाशीर या दख्खनच्या मोठ्या माशाचं नाव आहे टोर खुद्री. जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ, जपानातला असो की ब्राझीलमधला, या माशाबद्दल लिहिताना हाच शब्द लिहितो आणि पुढे सायक्स, १८३९ अशी नोंद करतो (ही नावं त्यानं चित्रांसह निबंध येण्याआधी, १८३९ मध्येच छापली होती). पुण्याच्या मुळा-मुठेकाठी एका मराठी माणसानं गोऱ्या साहेबाला सांगितलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनंतरही शास्त्रात टिकून आहे. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

भीमा काय आणि आपली घटप्रभा-मलप्रभा काय, सगळं पाणी शेवटी कृष्णेतच जातं. म्हणून सायक्सच्या यादीतले बरेच मासे आपल्याकडेही भेटतात. दहा नावं निवडा, वहीत शास्त्रीय नाव लिहा आणि शेजारी जागा मोकळी सोडा. आठवडी बाजारात मासे विकायला बसणाऱ्या मावशींना, नदीवरच्या भोयांना, अंबिगेरांना मोबाइलवरचं चित्र दाखवा आणि मोकळी जागा भरा. मराठी नाव लिहा, कन्नड नावही लिहा. गोकाककडे गेलात तर कन्नड नावच कामाला येणार आहे. एका माशाला तीन गावांत तीन नावं मिळाली तर तिन्ही लिहा.

शंका आली की फिशबेस या संकेतस्थळावर शास्त्रीय नाव घालून बघा. जुनं नाव बदललं असेल तर आजचं कोणतं, तेही तिथं कळतं.

दुसरं: मंगळूरच्या कलेक्टरचं पुस्तक

हेन्री सुलिव्हन थॉमस हा दक्षिण कॅनरा जिल्ह्याचा कलेक्टर, म्हणजे आजच्या मंगळूर भागाचा. ‘द रॉड इन इंडिया’ हे त्याचं पुस्तक १८७३ साली आलं, पुढे १८८१ आणि १८९७ साली वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या. इंटरनेट अर्काइव्हवर नंतरची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. महाशीरची प्रकरणं आधी काढा. थॉमसची नजर शिकाऱ्यापेक्षा निरीक्षकाची जास्त आहे. मासा काय खातो, तोंड कसं आहे, घसा कसा आहे, यावर तो थांबतो. वाचताना समजतं की महाशीर म्हणजे ट्राउटसारखा मुख्यतः किड्यांवर जगणारा मासा नव्हे. पाण्यावर झुकलेल्या झाडाची फळं, शिंपले, खेकडे, बारके मासे, सगळं त्याला चालतं. मामा उन्हाळ्यात नेहमी उंबराखालच्या डोहाशी बसायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला ते या प्रकरणांनी सांगितलं.

मोठ्या माशाला माशीवर घेण्याच्या नादात बारक्या माशांची पानं गाळू नका. माशी फेकायला शिकायचं तर बलूकीसारखा मासा गुरू म्हणून चांगला. तो वरच्या थरात असतो, पटकन उठतो, आणि तुमची दोरी पाण्यावर आपटली की झुंड लगेच पांगते. चूक तिथल्या तिथं कळते. थॉमसनं तळ्यातल्या मासेमारीवर १८८७ साली वेगळं पुस्तक लिहिलं. गावतळं जवळ असेल तर ते पुढच्या थंडीसाठी ठेवा.

शिकारीची फुशारकी आणि साहेबी तोरा या पुस्तकांत आहेच. तो मला खटकतो. तरी नदीबद्दलची माहिती खरी आहे म्हणून मी वाचतो.

मग विलायत

आता ट्राउटकडे जा, कारण माशीची विद्या तिथंच वाढली. सगळं वाचायचं नाही. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या ‘ट्रीटाइज ऑफ फिशिंग विथ अ‍ॅन अँगल’ या जुन्या पुस्तिकेत बारा माश्या महिन्यांनुसार दिल्या आहेत, मार्च ते ऑगस्ट. तेवढा भाग पाहा. आयझॅक वॉल्टनचं १६५३ चं पुस्तक जगप्रसिद्ध आहे, पण माशीचं खरं काम त्यात चार्ल्स कॉटननं १६७६ साली जोडलेल्या भागात आहे. तो भाग वाचा, बाकीचा सवडीनं.

आल्फ्रेड रोनाल्ड्सचं १८३६ चं पुस्तक मात्र अजिबात सोडू नका. त्यात एका बाजूला खरा किडा आणि शेजारी त्याची बांधलेली माशी अशी रंगीत चित्रं आहेत. भाषा नाही कळली तरी चालेल, चित्रं बघत राहा. किडा बहुतेक आयुष्य पाण्यात दगडाला चिकटून काढतो, मग वर येतो, पंख वाळवतो, उडतो आणि अंडी घालायला परत पाण्यावर येतो, हे चक्र डोक्यात बसलं पाहिजे. मासा या प्रत्येक पायरीवर त्याला टिपत असतो.

त्यानंतर एक वाद वाचण्यासारखा आहे. फ्रेडरिक हॅलफर्डनं १८८६ साली तरंगत्या माशीचं शास्त्र मांडलं: मासा वर येऊन किडा घेताना दिसला तरच, आणि पाण्यावर तरंगणारी माशीच. जी. ई. एम. स्क्यूजनं १९१० साली दाखवलं की त्याच नद्यांत मासा पुष्कळदा पृष्ठभागाखालीच खातो, मग माशीही तिथंच द्यावी. आपल्या गढूळसर, खोल डोहांच्या नद्यांसाठी माझा कौल स्क्यूजला. वेळ कमी असेल तर हॅलफर्डची फक्त माशी बांधायची चित्रं बघा.

महिने बदलून घ्या

विलायती पुस्तकातलं वेळापत्रक जसंच्या तसं घेतलंत तर सगळं वाचन फुकट जाईल. तिथला मे म्हणजे कोवळी पालवी, गार स्वच्छ पाणी. इथला मे म्हणजे मार्कंडेय नदीचं पात्र दगडांवर आलेलं. म्हणून वहीत प्रत्येक नदीला एक पान द्या आणि बारा महिन्यांच्या ओळी आखा. तीन गोष्टी लिहा: पाणी कसं, काठावर काय फुललं-फळलं, हवेत कोणते किडे. पुस्तकात एखाद्या किड्याचं वर्णन आलं की स्वतःला विचारा, असा आपल्याकडे कधी दिसतो? वळवाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा खच पडतो. तो नदीवरही पडतो, आणि मासे त्यावर तुटून पडतात. कुठल्याही इंग्रजी पुस्तकात या रात्रीसाठी माशी दिलेली मला दिसली नाही. ती आपणच बांधायची आहे.

जून-जुलैच्या ओळींवर मी लाल रेघ मारून ठेवली आहे. पहिल्या पुरात मासा अंडी घालायला वर चढतो. त्या दिवसांत गळ घरात.

पिसांच्या बाबतीत सावध

वाचता वाचता माशी बांधावीशी वाटणार, वाटलीच पाहिजे. जुन्या कृतींत एक शब्द सारखा येतो: जंगल कॉक. मेरी ऑर्व्हिस मार्बरीच्या १८९२ च्या पुस्तकातल्या रंगीत पानांवर जुन्या माश्या पाहाल, तेव्हा काहींच्या गालावर पिवळसर-पांढरा, लाखेनं माखल्यासारखा चकचकीत ठिपका दिसेल. ते आपल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचं पीस. भीमगडच्या, चंदगडच्या जंगलात पहाटे आरवतो तोच. साहेबांच्या सॅमन माशासाठीच्या माश्यांकरता या पक्ष्याच्या माना किती काळ बोटींवर चढल्या असतील, या विचारानं ते पान मला फार वेळ बघवत नाही. आज वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो सुरक्षित आहे. जंगलात पडलेलं पीस दिसलं तरी उचलून माशीला लावू नका. घरच्या गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं, जुन्या स्वेटरची लोकर आणि शिवणाचा दोरा यांत शिकण्यापुरत्या सगळ्या माश्या होतात. भीमगड अभयारण्यात गळ टाकायचाच नाही. बाहेरही तलाव-बंधाऱ्यांचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून मगच जा.

संक्रांतीनंतर

एक शेवटचं पुस्तक: मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड, बेळगाव, १८८४. इंटरनेट अर्काइव्हवर आहे. त्यातलं नद्यांचं वर्णन उघडा आणि शेजारी फोनवर आजचा नकाशा. तेव्हा हिडकलचं धरण नव्हतं, नविलतीर्थाचंही नव्हतं. कुठला डोह बुडाला, कुठं वाहतं पाणी साचलं, हे पेन्सिलीनं टिपा. मोठा मासा जिथून वर चढायचा त्या वाटा यातूनच कळतात.

संक्रांत झाली, ऊन जरा चढलं की वही घेऊन नदीवर जा. गळाची काठी नेऊ नका. जांबोटीच्या अलीकडे कुठंही, गुडघाभर वाहत्या पाण्यात उतरा, ओंजळीएवढा एक दगड उचलून उलटा करा. खालच्या ओल्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे, झरझर सरकणारे जीव दिसतील. फोनवर रोनाल्ड्सची चित्रं उघडा आणि ते कुणासारखे दिसतात ते लिहा. मग दगड होता तसाच, त्याच खळग्यात परत ठेवा.