नकाशातल्या रेघा प्रत्येक प्रिंटरवर सारख्या कशा उमटवाव्यात

पुस्तक कृष्णधवल असलं की नकाशातले भाग रेघांनीच वेगळे दाखवावे लागतात. कोकणात दाट तिरप्या, मराठवाड्यात विरळ. पण घरच्या प्रिंटरवर नीट दिसणारा नकाशा दुसऱ्या मशीनवर ओळखू येत नाही. अशा वेळी ‘रिझोल्यूशन वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. काही प्रोग्रॅममधले तयार पॅटर्न ८ बाय ८ ठिपक्यांचे असतात आणि ठिपका प्रिंटरचा धरला जातो. तोच चौकोन ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ०.६८ मिमीचा, तर १२०० डीपीआयला जेमतेम ०.१७ मिमीचा होतो. मग रेघा जाऊन करडा डाग उरतो.

म्हणून तयार पॅटर्न नकोतच. कोरलड्रॉ किंवा इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये माप पॉइंटमध्ये (इंचाचा बहात्तरावा भाग) ठेवा, एक तिरपी रेघ काढा, तिच्या प्रती करा आणि सगळा गठ्ठा त्या भागाच्या आकारात क्लिप करा, म्हणजे बाहेरच्या रेघा दिसणार नाहीत. कोरलमध्ये त्यासाठी पॉवरक्लिप आहे.

खरी मेख दोन रेघांमधल्या अंतरात आहे. मी कितीतरी दिवस १ पॉइंटच्या पटीत अंतर ठेवत होतो आणि छापल्यावर मधूनच गडद पट्टे यायचे. ६०० डीपीआयला १ पॉइंट म्हणजे ८.३३ ठिपके. प्रिंटर ठिपका तोडू शकत नाही, म्हणून तो एक फट ८ ठिपक्यांची ठेवतो, दुसरी ९ ची. डोळ्यांना तो फरक लगेच टोचतो. यावर उपाय म्हणजे १.२ चा पाढा: २.४, ४.८, ९.६ पॉइंट. १.२ पॉइंट म्हणजे इंचाचा साठावा भाग, ३०० डीपीआयला ५ ठिपके, ३६० ला ६, ६०० ला १०, ७२० ला १२, १२०० ला २०. सगळीकडे पूर्ण आकडा. प्रत मात्र आडवी सरकवा. तिरप्या रेघेला काटकोनात अंतर मोजलंत तर हिशेब पुन्हा अपूर्णांकात जातो.

जाडी ०.६ पॉइंट द्या. ‘हेअरलाइन’, म्हणजे प्रोग्रॅममधली सगळ्यात बारीक रेघ, कधीही नको. पीडीएफमध्ये शून्य जाडीची रेघ म्हणजे त्या यंत्राचा एकच ठिपका. पावसाच्या नकाशात मी तीच ठेवली होती. ६०० डीपीआयच्या प्रूफवर (तपासणीच्या प्रतीवर) ती स्वच्छ दिसली, पण प्रेसमध्ये छपाईची प्लेट २४०० डीपीआयची निघाली आणि रेघ ०.०१ मिमीची झाली. छापील पानावर कोकण आणि विदर्भ दोन्ही कोरे. तो फॉर्म (एकत्र छापला जाणारा पानांचा गट) पुन्हा छापावा लागला.

रंग शंभर टक्के काळा, करडा नाही. करड्या रेघेचे प्रिंटर ठिपके करतो.

छापताना ‘फिट टू पेज’ काढून ‘ॲक्चुअल साइझ’ निवडा. पान ९७ टक्के झालं तरी वरचा सगळा हिशेब वाया जातो. शाई वाचवणारा ‘टोनर सेव्ह’ही बंद ठेवा.

मग दोन वेगळ्या प्रिंटरवर एकेक प्रत काढा आणि पट्टी आडवी ठेवून मोजा. ४.८ पॉइंटच्या अंतराला एका इंचात १५ फटी दोन्ही कागदांवर भरल्याच पाहिजेत.