ग्लायकोबायोलॉजी, श्वसनाचे आजार आणि विद्यापीठातली नोकरी: नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. संपत आली की मुलं भेटायला येतात. "मॅडम, व्हायरसवर काम करायचंय." कोविडनंतर हे वाक्य फार ऐकू येतं. मी विचारते, व्हायरस पेशीला धरतो कुठे? प्रथिनांची नावं भराभर येतात, साखरेचं नाव क्वचितच कुणी घेतं. म्हणूनच ग्लायकोबायोलॉजीत, म्हणजे पेशींवरच्या साखरेच्या अभ्यासात, नव्या माणसाला अजून भरपूर जागा आहे, आणि तुम्ही यावं असं मला मनापासून वाटतं.

नाकापासून फुप्फुसापर्यंत आपल्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात, प्रथिनांना आणि लिपिडांना जोडलेल्या. त्यांच्या टोकाला बऱ्याचदा सियालिक ॲसिड ही साखर असते. फ्लूचा व्हायरस आपल्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाने नेमकं तेच पकडतो. माणसाच्या वरच्या श्वसनमार्गात हे ॲसिड मागच्या साखरेला मुख्यतः अल्फा २-६ जोडणीने बांधलेलं असतं, बदकाच्या आतड्यात अल्फा २-३ जोडणीने. बर्ड फ्लू माणसामाणसांत सहज पसरत नाही, त्यात या जोडणीचा मोठा वाटा आहे. फ्लूच्या एच३ प्रकारच्या व्हायरसच्या हिमॅग्लुटिनिनमधलं २२६व्या जागेवरचं एकच अमिनो ॲसिड बदललं की त्याची पसंती बदलते, हे १९८३ मध्ये दाखवलं गेलं. बाहेर पडणाऱ्या नव्या व्हायरसला हीच साखर कापून सुटावं लागतं. ते काम व्हायरसच्या न्युरामिनिडेज या एंझाइमचं, आणि ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध त्यालाच अडवतं. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा आणि रस्त्यावर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं ज्यांनी पाहिली, त्यांना हे औषध कुठे काम करतं हे सांगावंसं वाटतंच. मला आजही वर्गात तो धडा शिकवताना वेगळं वाटतं.

आता कामाचं. पहिला सल्ला: प्रश्न निवडताना तुमच्या विभागात कुठल्या सुरक्षा पातळीची लॅब आहे ते आधी बघा. हे कुणी सांगत नाही आणि मग पीएच.डी.चं पहिलं वर्ष परवानग्यांत जातं. टीबीचे जिवंत जंतू वाढवायला बीएसएल-३ (तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीची लॅब) लागते, विद्यापीठाच्या बहुतेक विभागांत ती नसते. पण प्रश्न तिथे संपत नाही. टीबीच्या जंतूचा नातलग मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस साध्या लॅबमध्ये वाढतो. अरॅबिनोगॅलॅक्टन ही साखरेची साखळी त्याच्याही भिंतीत आहे, आणि एथॅम्ब्युटॉल हे टीबीचं औषध तिच्यातल्या ज्या अरॅबिनान भागाची बांधणी रोखतं ती प्रक्रिया तिथेही अभ्यासता येते. लायपोअरॅबिनोमॅनन हा लिपिड जोडलेला साखरेचा रेणू दोघांतही असतो, पण टीबीच्या जंतूत त्याच्या टोकांवर मॅनोज ही साखर असते आणि स्मेग्मॅटिसमध्ये नसते. आपल्या प्रतिकारपेशींवरचे ग्राहक हा फरक ओळखतात. एवढ्या एका फरकावर चांगला थिसिस उभा राहतो.

दुसरं, महागड्या यंत्रामागे धावण्याआधी हाताने होणारा प्रयोग पक्का करा. माझ्याकडे येणारं प्रत्येक मूल आधी हिमॅग्लुटिनेशन, म्हणजे व्हायरसने रक्तातल्या तांबड्या पेशी एकत्र बांधण्याचा प्रयोग, शिकतं. तळाशी निमुळत्या खळग्यांची ९६ खळग्यांची प्लेट घ्यायची, निष्क्रिय केलेला व्हायरस दर खळग्यात निम्मा पातळ करत जायचा आणि वर टर्की पक्ष्याच्या तांबड्या पेशी घालायच्या. व्हायरस नसेल तिथे पेशी तळाशी लाल टिकलीसारख्या जमतात आणि प्लेट तिरकी केली की ओघळतात. व्हायरस असेल तिथे त्या एकमेकींना बांधल्या जाऊन जाळं पसरतं, ओघळ येत नाही. खरी मजा पुढे आहे. त्याच पेशींवर सियालिडेज हे एंझाइम चालवून सियालिक ॲसिड कापून टाका, की तोच व्हायरस त्यांना धरत नाही. टर्कीच्या पेशींऐवजी घोड्याच्या घ्या, ज्यांच्यावर मुख्यतः २-३ जोडणी असते, की कुठला स्ट्रेन माणसाचा, कुठला पक्ष्याचा ते दिसायला लागतं. साखर म्हणजे काय ते मुलांना इथे पटतं. मास स्पेक्ट्रोमेट्री (यंत्राने रेणूंचं वजन मोजणं) नंतर शिकता येते, ही नजर मात्र सुरुवातीलाच लागते.

विषयाची अडचणही सांगते. साखळी डीएनएसारखी साच्यावरून छापली जात नाही, एंझाइमं ती एकेक साखर जोडत बांधतात. त्यामुळे पीसीआरने डीएनएच्या प्रती काढतात तशी ती वाढवून घेता येत नाही. जेवढा नमुना हाती आला तेवढ्यावरच भागवायचं. म्हणून रसायनशास्त्राची भीती असेल तर ती आधी घालवा. एन-ग्लायकन (प्रथिनाला नायट्रोजनमधून जोडलेली साखळी) सोडवायला पीएनगेज एफ हे एंझाइम, जोडणी ओळखायला लेक्टिनं, म्हणजे साखर धरणारी वनस्पतींची प्रथिनं: एल्डरबेरीचं २-६ साठी, माकिया या झाडाचं २-३ साठी. एवढ्यावर पहिले दोन अध्याय लिहिता येतात.

पुण्यात असण्याचा फायदा इथे मोठा आहे. पाषाण रस्त्यावर एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर ही विज्ञान संस्था, पलीकडे एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र). रसायनशास्त्रवाला, विषाणूवाला आणि रोगप्रतिकारवाला एकाच दिवशी भेटू शकतो. सेमिनारना जा, शेवटी चहाला थांबा. निम्मी सहकार्यं तिथेच ठरतात. लसीतही ही साखर लागते. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूच्या साखरेच्या कवचाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. नुसती ती साखर दिली तर दोन वर्षांखालच्या बाळांना नीट संरक्षण मिळत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडावी लागते. तशी दहा प्रकारांची लस हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आहे. म्हणजे प्राध्यापकी नको झाली तरी हे शिक्षण गावातच उपयोगी पडतं. घरच्यांना समजावताना हे जरूर सांगा.

नोकरीच्या अटी थोडक्यात. असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची). आपल्याकडची सेट पुणे विद्यापीठच घेतं आणि तिला वयोमर्यादा नाही. जेआरएफला, म्हणजे पीएच.डी.साठीच्या फेलोशिपला, मात्र आहे, तेव्हा ती परीक्षा लांबवू नका. २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे. पुण्यात त्यात राहता येतं, पण हप्ता उशिरा येऊ शकतो म्हणून दोन-तीन महिन्यांची सोय हाताशी ठेवा. नोकरी लागल्यावर आठवड्याला १६ तास शिकवणं असतं. संशोधन उरलेल्या वेळेत करायचं, आणि परीक्षेच्या दिवसांत तर तोही वेळ जातो. मी लांबणारे प्रयोग मे-जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत लावते. प्रकल्पाचा अर्ज डीबीटी, आयसीएमआर, एएनआरएफ या निधी देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी कुठेही करा, त्यात यंत्रापेक्षा माणसांसाठीचे पैसे आधी मांडा. बंद पडलेलं यंत्र दुसऱ्या लॅबमध्ये मिळतं, हात बसलेली मुलगी सोडून गेली तर तिची जागा भरत नाही.

आणि लॅबमध्ये यायचं असेल तर मेल करा, पण मार्कशीट नि "आपल्या मार्गदर्शनाखाली" याच्या पुढे जा. त्या लॅबचा एक पेपर नीट वाचा. त्यातली कुठली आकृती पटली नाही, किंवा कुठला कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) कमी वाटला, ते दोन ओळींत लिहा. चूक निघाली तरी चालेल. अशा मेलला मी त्याच दिवशी उत्तर देते.