संक्रांतीचा पेच, एक कीबोर्ड आणि दोन खेळाडू

संक्रांतीच्या आठवड्यात कॉलेजच्या प्रदर्शनात दोघांनी खेळायचा पतंगांचा गेम ठेवणार असाल, तर चित्रं रंगवण्याआधी कीबोर्डकडे बघा. नागपुरात ‘ओ काट’ ऐकत वाढलेला पोरगा पतंग तिरपा नेता नेताच ढील देणार, समोरचाही तेच करणार. म्हणजे एका क्षणी सहा कळा दाबलेल्या. त्यातली एक जरी हुकली तरी पतंग कटतो, आणि चूक खेळणाऱ्याची नसते. मला हे फार लागतं.

कोडमध्ये गेटसीएच (getch) या फंक्शनने कळा वाचत असाल तर ते आधी काढा. ते रांगेतलं एकेक अक्षर देतं, आणि दोन कळा धरून ठेवल्या की शेवटी दाबलेलीच पुन्हा पुन्हा येते, आधीची गप्प होते. खरं तर प्रत्येक कळ दाबल्याचा संदेश वेगळा असतो आणि सोडल्याचा वेगळा. म्हणून प्रत्येक कळीसाठी एक खूणगाठ ठेवा: दाबली की खरी, सोडली की खोटी. पतंग हलवायचा तो दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र दर वेळी नव्याने काढताना, या खुणा बघून. पायगेम या पायथॉनच्या गेम लायब्ररीत की-डॉट-गेट-प्रेस्ड हेच काम आयतं करतं, फक्त दर फ्रेमला इव्हेंट्सची, म्हणजे कळ दाबल्या-सोडल्यासारख्या घटनांची रांग उपसायला विसरू नका. गेम सुरू करणं, थांबवणं अशी एकदाच घडणारी कामं मात्र कीडाउन, म्हणजे कळ दाबल्याच्या इव्हेंटवरच ठेवा.

डावी-उजवी एकदम दाबली तर पतंग जागेवर राहू द्या. तिरपा जाताना वेग 1.41 पट होतो, तेव्हा दोन्ही दिशांना 0.707 ने गुणा. गेमच्या खिडकीवरचा फोकस गेला, म्हणजे दुसरी खिडकी पुढे आली की सगळ्या खुणा पुसा, नाहीतर कळ सोडल्याचं कळतच नाही आणि पतंग एकटाच भरकटतो.

आता कोडच्या हातात नसलेली गोष्ट. स्वस्त कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या की चौथी दाबल्याचा भास होतो, तो टाळायला बरेच कीबोर्ड तिसरी कळ गिळतात. साध्या यूएसबी पद्धतीत एका वेळी सहाच कळा संगणकाकडे जातात, शिफ्ट-कंट्रोलसारख्या आठ वेगळ्या. म्हणून ढील डाव्या शिफ्टवर आणि उजव्या कंट्रोलवर द्या. पण विंडोजमध्ये शिफ्ट पाचदा दाबली की स्टिकी कीजची (शिफ्टसारखी कळ धरून न ठेवता वापरायच्या सोयीची) चौकट उघडते, ऐन पेचात. तो शॉर्टकट सेटिंगमधून बंद करा. मराठी टायपिंग चालू असेल तर तेही इंग्रजीवर आणून ठेवा.

दाबलेल्या कळांची नावं स्क्रीनवर दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहा आणि सहा-सहा कळा धरून बघा. नागपूरच्या सीताबर्डीला नवा कीबोर्ड घ्यायला गेलात तर लॅपटॉप सोबत न्या, दुकानातच तपासा. आणि ज्या कीबोर्डवर सगळं जमलं, तोच प्रदर्शनाच्या पिशवीत टाका. तिथला चालेल म्हणून घरी ठेवू नका.