मिलिटरी कॉम्बॅट की एमएमए, शिकायचं काय आणि कसं

"आमच्या टेक्निक स्पर्धेत चालत नाहीत, फार डेंजर आहेत" असं मिलिटरी कॉम्बॅट शिकवणारा जो सर पहिल्याच दिवशी सांगतो त्याच्या क्लासला जाऊ नका, एवढं आधीच सांगून टाकतो.

मिलिटरी कॉम्बॅट म्हणजे सैनिकांची हातघाईची लढत आणि एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणारी स्पर्धा, यात फरक आहेच. रिंगमध्ये समोर एकच माणूस, तोही तुमच्याच वजनाचा, खाली मॅट, मध्ये रेफरी, पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड आणि टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली, की सुटका. सैनिकाच्या अंगावर हेल्मेट, गोळी अडवणारी प्लेट, पाऊच, समोर किती जण आहेत याचा पत्ता नाही, आणि मामला हातघाईवर आलाय म्हणजे बाकी सगळं आधीच फसलंय. त्यामुळे त्याचं काम पॉइंट घेणं नाही, जागा करून हत्यार हातात घेणं, नाहीतर जोडीदार येईपर्यंत टिकून राहणं.

दुसऱ्या महायुद्धात फेअरबेर्न या ब्रिटिश प्रशिक्षकाने कमांडोंना मोजकंच शिकवलं, हनुवटीखाली तळहात, हाताच्या कडेचा फटका, गुडघा, कारण वेळच कमी होता. पण तो स्वतः शांघाय पोलिसात वर्षानुवर्षं घालवून आणि ज्युदो शिकून आलेला, हे लोक सोयीस्कर विसरतात.

पुढे 1995 मध्ये अमेरिकन आर्मीच्या रेंजर्स या खास तुकडीने हातघाईचं ट्रेनिंग नव्याने बसवायला घेतलं तेव्हा त्यांच्यातल्याच मॅट लार्सन आणि मंडळींनी पाया म्हणून ग्रेसी जिऊ-जित्सूच (जमिनीवरच्या पकडींचा ब्राझीलचा खेळ) उचललं, म्हणजे शेवटी स्पोर्टच! कारण सरळ आहे, डोळ्यात बोट घालायचा सराव पूर्ण ताकदीने कुणावर करणार? चोकचा, म्हणजे गळा आवळायचा, करता येतो, रोज करता येतो, आणि समोरचा खरोखर सुटायची धडपड करत असतो. ज्युदो सुरू करणाऱ्या कानोने 1882 पासून ज्युदोत हेच केलं, घातक डाव बाजूला ठेवले आणि उरलेल्यांवर मोकळी झुंज.

म्हणून आधी बॉक्सिंग किंवा मुय थाय (थाय बॉक्सिंग), सोबत कुस्ती, ज्युदो नाहीतर जिऊ-जित्सू, जे जवळ असेल ते, फक्त स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची खरी झुंज, होतं का ते बघून घ्या. तिथे अंग तयार झालं की मग मिलिटरीवाल्या गोष्टी जोडा.

पहिली क्लिंच (अंगाला भिडून धरणं) ड्रिल, अमेरिकन आर्मीत हीच चालते. पार्टनरला ग्लोव्ह घालून खरे ठोसे मारू द्या, तुम्ही माउथगार्ड लावून हात वर, हनुवटी आत, आणि ठोसे खात खात आत शिरून त्याला घट्ट धरायचं, बस, फेकाफेकी नको. पहिल्यांदा मागेच सरकाल, सगळेच सरकतात.

दुसरी मार्करची. पांढरा टी-शर्ट घाला, डोळ्यांना गॉगल मस्ट, पार्टनरच्या हातात चाकूऐवजी मार्कर आणि त्याला सांगा की एकदाच भोसकून हात तसाच धरून ठेवायचा नाही, भराभर मारत राहायचं. एका मिनिटाने टी-शर्ट बघा, चाकू हिसकावायचे सगळे व्हिडिओ डोक्यातून जातील आणि दोन हातांनी त्याचं मनगट धरणं किंवा सरळ पळणं किती शहाणपणाचं ते कळेल.

आणि स्पोर्टची एक सवय मात्र मोडा, खाली पाठीवर पडून आरामात गार्ड खेळायची, म्हणजे समोरच्याला पायांत अडकवून तिथूनच लढायची. एक हात जमिनीवर, दुसरा चेहऱ्यापुढे, एका पायाने त्याला लांब ठेवायचं, दुसरा पाय मागे ओढून उभं राहायचं. दमलेले असताना, पाठीवर वजनाची बॅग लावून हे करा, आणि उठल्यावर लगेच मागे-बाजूला नजर टाका, दुसरा कुणी येतोय का ते.