नमुन्यावर नाव लिहा: जुन्या फोनवर लिनिएजओएस टाकताना

कळव्याला आमच्या घरी शाओमीचा एक पोको एफ1 आहे. आधी माझा होता, आता सासूबाईंचा, त्यांना मी आई म्हणते. 2018 च्या ऑगस्टमध्ये भारतात आलेला फोन. आत स्नॅपड्रॅगन 845, बॅटरी 4000 एमएएचची. त्याचे अधिकृत अपडेट अँड्रॉइड 10 वर थांबले, पण फोन काही थांबला नव्हता. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात बॅटरी बदलायला नेला तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, कशाला पैसे घालताय, नवाच घ्या." मी बॅटरी बदलून घेतली आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्यावर लिनिएजओएस टाकलं. आता आई त्यावर भजनं ऐकतात, नागपूरच्या लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात आणि फोन अँड्रॉइड 14 वर चालतो.

लिनिएजओएस म्हणजे अँड्रॉइडच्याच खुल्या कोडवरून स्वयंसेवकांनी बांधलेली फोनची सिस्टीम. 2016 च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड नावाची अशीच सिस्टीम बंद पडली, त्याच कामातून ही उभी राहिली. पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ आणि नीट वाचायची तयारी.

मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नमुना हातात आला की आधी लेबल वाचायचं, ही तिथली सवय. नाव, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर. लेबल नसेल तर ट्यूब मशीनला लावायचीच नाही. हे काम मला जमलं ते या एका सवयीमुळे, असं मला मनापासून वाटतं.

आधी फोन ओळखा

प्रत्येक मॉडेलला एक सांकेतिक नाव असतं. पोको एफ1 चं बेरिलियम, वनप्लस 6 चं एन्चिलाडा. रेडमी नोट 7 चं लॅव्हेंडर आणि रेडमी नोट 7 प्रो चं व्हायोलेट. शेवटचे दोन बघा: दुकानात नावं जवळजवळ सारखी, आतून फोन वेगळे. एकाची फाइल दुसऱ्यावर चालत नाही. लिनिएजओएसच्या विकीवर, म्हणजे माहितीच्या साइटवर, प्रत्येक फोनचं स्वतंत्र पान आहे. आपल्या सांकेतिक नावाचं पान तिथे असेल तरच पुढे जा. नसेल तर कुठल्या तरी ग्रुपवर कुणी तरी टाकलेली फाइल घरात एकच फोन असताना वापरू नका.

ते पान चहा घेऊन बसून शेवटपर्यंत वाचा. मी दोनदा वाचलं, एकदा घरी आणि एकदा ट्रेनमध्ये. फोनवर आधीपासून अमुक फर्मवेअर (चिपच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर) असलंच पाहिजे अशी अट तिथेच दिलेली असते, आणि घाईत नेमकी तीच नजरेतून सुटते. आणखी एक गोष्ट. मी इथे आज्ञा समजावून सांगते, पण टाइप करताना त्या विकीवरूनच कॉपी करा.

बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना कुठली सिस्टीम उठवायची ते ठरवणारं कुलूप. ते उघडायचे कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. पिक्सेल आणि वनप्लस 6 सारखे फोन एका आज्ञेत उघडतात. सॅमसंगवर नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा एक फ्यूज कायमचा जातो, पुन्हा मूळ सिस्टीम टाकली तरी तो परत येत नाही. शाओमीच्या फोनवर अर्ज करून थांबावं लागतं, आणि हायपरओएस ही शाओमीची नवी सिस्टीम असलेल्या फोनवर त्या अटी आणखी कडक आहेत. मूळ सिस्टीमवर परतायचं असेल तर शाओमीवाल्यांनी अँटी-रोलबॅकबद्दल, म्हणजे मागच्या आवृत्तीवर जाण्याच्या बंदीबद्दल, वाचून घ्यावं. काही मॉडेलवर जुनी आवृत्ती टाकली की फोन कायमचा बंद पडतो.

काय गमवाल, तेही ऐका

बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीवर (फोनची सिस्टीम बदललेली नाही ना, हे ती बघते) अवलंबून असतात, आणि बूटलोडर उघडा असला की ती तपासणी पूर्ण पास होत नाही. काही अ‍ॅप्स चालतात, काही उघडतच नाहीत. माझ्या एका बँकेचं अ‍ॅप पहिल्याच दिवशी "हे उपकरण सुरक्षित नाही" म्हणून बंद झालं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या फोनवरून तुम्ही रोज भाजीवाल्याला पैसे देता, त्या फोनवर हा प्रयोग करू नका. दुसऱ्या फोनवर करा. सिनेमा-मालिकांची काही अ‍ॅप्स एचडीऐवजी साध्या चित्रावर उतरू शकतात. जिओचं सिम असेल तर विकीच्या पानावर व्होल्टीबद्दल, म्हणजे 4जीवरून लागणाऱ्या कॉलबद्दल, काय लिहिलंय ते आधी बघा. जिओचं 2जी-3जी जाळं नाहीच, त्यामुळे व्होल्टी चाललं नाही तर साधा कॉलही लागणार नाही.

सुरक्षिततेबद्दलही खरं ते सांगते. तुमच्या मॉडेलची नवी फाइल निघत असेल तोवर अँड्रॉइडचे सुरक्षा पॅच तुम्हाला मिळत राहतील. पण मोडेम आणि चिपच्या आतलं फर्मवेअर कंपनीनं सोडलं तिथेच राहतं. आणि बूटलोडर उघडा असलेला फोन कुणाच्या हातात पडला तर तो छेडणं सोपं जातं.

बॅकअप: इथे कंजूषी नको

बूटलोडर उघडला की फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, मेसेज, डाउनलोड, सगळं. मी आईंच्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि त्यातले दहा-बारा उघडून पाहिले, कारण कॉपी झालेली फाइल उघडतेच असं नाही. कॉन्टॅक्ट एका व्हीसीएफ फाइलमध्ये काढले. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घेऊन तो फोल्डरही कॉम्प्युटरवर ठेवला. ओटीपी बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप असेल तर ते आधी दुसऱ्या फोनवर हलवा, लोक हे हमखास विसरतात. स्टार-हॅश-06-हॅश दाबून आयएमईआय वहीत लिहून ठेवा. शेवटी गूगल खात्यातून बाहेर पडा, नाहीतर नवी सिस्टीम सुरू होताना जुनं खातं विचारत बसेल.

कुलूप उघडणं

सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर (शाओमीच्या फोनवर एमआययूआय व्हर्जनवर) सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय दिसतात. तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग सुरू करा. शाओमीवर त्याच पानावर एमआय अनलॉक स्टेटस असतं. सिम घालून, मोबाइल डेटा चालू ठेवून फोन आपल्या खात्याशी जोडायचा. मग विंडोज कॉम्प्युटरवर एमआय अनलॉक टूल चालवलं की ते सांगतं, 168 तास थांबा. म्हणजे पूर्ण सात दिवस. या सात दिवसांत खातं बदलू नका, फोन पुन्हा जोडू नका, उगाच काही करू नका. मी कॅलेंडरवर खूण केली आणि आठव्या दिवशी रविवारी सकाळी बसले.

कॉम्प्युटरवर गूगलचे प्लॅटफॉर्म टूल्स उतरवून घ्या. त्यात दोन प्रोग्रॅम असतात: फोन चालू असताना बोलणारा एडीबी, आणि फोन बूटलोडरमध्ये असताना बोलणारा फास्टबूट. फोन जोडून "एडीबी डिव्हाइसेस" ही आज्ञा द्या. फोनचा नंबर दिसला पाहिजे. मला दिसत नव्हता. ड्रायव्हर दोनदा टाकला, कॉम्प्युटर बंद-चालू केला, अख्खी संध्याकाळ गेली. दोष निघाला केबलचा. ती फक्त चार्जिंगची केबल होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या. आधी केबल बदलून बघा. मग पोर्ट बदला. एएमडीचा रायझन प्रोसेसर असलेल्या काही कॉम्प्युटरवर यूएसबी 3 च्या पोर्टमधून फास्टबूट अडतं, तिथे यूएसबी 2 चा पोर्ट किंवा मध्ये साधा हब लावला की चालतं.

नवी सिस्टीम

लिनिएजओएसची रिकव्हरी (सिस्टीम बसवायचा छोटा प्रोग्रॅम) आणि मुख्य झिप फाइल उतरवली की त्यांचा एसएचए-256 अंक, म्हणजे फाइलची ओळखखूण, साइटवर दिलेल्याशी जुळवा. विंडोजवर तो सर्टयुटिल या आज्ञेनं निघतो. फाइल अर्धवट उतरली असेल तर इथेच कळतं. गूगलची अ‍ॅप्स हवी असतील तर त्यांची फाइल वेगळी घ्यावी लागते. मी माइंडदगॅप्स नावाची घेतली. अँड्रॉइडची आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार जुळला पाहिजे.

पोको एफ1 वर फोन बंद करून पॉवर आणि व्हॉल्यूम खाली ही दोन बटणं दाबली की फास्टबूट येतं. तिथून रिकव्हरी फ्लॅश करायची, म्हणजे फोनमध्ये लिहायची. फ्लॅश झाली की फोन सरळ चालू होऊ देऊ नका, जुनी सिस्टीम आपली रिकव्हरी परत बसवून टाकते. केबल काढा, पॉवर आणि व्हॉल्यूम वर दाबून धरा, थेट रिकव्हरीत जा.

रिकव्हरीत आधी फॅक्टरी रीसेट, मग फॉरमॅट डेटा. त्यानंतर अप्लाय अपडेट, अप्लाय फ्रॉम एडीबी. कॉम्प्युटरवरून साइडलोडची (फाइल केबलवरून फोनमध्ये बसवायची) आज्ञा द्यायची, की टक्के वाढायला लागतात.

आणि 47 टक्क्यांवर थांबतात.

पहिल्या वेळी माझ्या छातीत धस्स झालं. आई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. "झालं का गं?" म्हणाल्या. पाच मिनिटं वाट पाहिली आणि मी केबल ओढली. मग सगळं पहिल्यापासून करावं लागलं. हे 47 टक्के कित्येकांना दिसतात आणि विकीवर तसं लिहिलेलंही आहे. मी ती ओळ वाचली होती, पण घाबरल्यावर आठवली नाही. अशा वेळी कॉम्प्युटरकडे बघू नका, फोनच्या पडद्याकडे बघा. तिथे शेवटी "स्टेटस 0" आलं की सिस्टीम बसली.

गूगलची अ‍ॅप्स हवी असतील तर ती याच वेळी, फोन पहिल्यांदा चालू होण्याआधी टाका. रिकव्हरी एकदा रीबूट करून परत रिकव्हरीतच या आणि दुसरी फाइल साइडलोड करा. फाइलची डिजिटल सही पटत नाही असा इशारा येतो. ती फाइल लिनिएजओएसची नाही म्हणून तो येतो, होय म्हणा. फोन एकदा चालू करून नंतर टाकली तर गूगल सेवा सारख्या कोसळतात आणि सगळं पुन्हा पुसावं लागतं.

पहिल्यांदा चालू व्हायला पंधरा मिनिटांपर्यंत लागू शकतात. तोवर फोन चार्जरला लावून बाजूला ठेवा. चालू झाल्यावर भाषेत मराठी निवडा. आईंसाठी मी हेच सगळ्यात आधी केलं. एक सांगून ठेवते: बूटलोडर पुन्हा लॉक करायचा मोह आवरा. पिक्सेलवर ग्राफीनओएस ही दुसरी सिस्टीम टाकली असेल तर लॉक करायचा असतो, पण पोकोसारख्या फोनवर परक्या सिस्टीमसकट लॉक केलात तर फोन उठणारच नाही.

अडलं तर विचारायचं कसं

आठवडाभर सगळं छान चाललं. मग आईंच्या ब्लूटूथ स्पीकरवर भजन लागेना. स्पीकर जोडलेला दिसायचा, गाणं पुढे सरकायचं, आवाज मात्र नाही. मी मदतीच्या ग्रुपवर लिहिलं, "ब्लूटूथ चालत नाही, प्लीज हेल्प." दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही. मला राग आला. मग लॅबमध्ये एक ट्यूब आली, नाव नाही, वेळ नाही, आणि मी ती बाजूला ठेवली. तेव्हा कळलं की मीही तसलीच ट्यूब पाठवली होती.

घरी येऊन पुन्हा लिहिलं. फोन बेरिलियम. लिनिएजओएस 21, अमुक तारखेचा बिल्ड (तयार केलेली फाइल). गूगल अ‍ॅप्स माइंडदगॅप्स. रूट (सिस्टीमवर पूर्ण ताबा) नाही, वेगळं कर्नल (सिस्टीमचा गाभा) नाही. स्पीकर जोडला, गाणं लावलं, आवाज यायला हवा होता, आला नाही. हेडफोनच्या वायरवर येतो. मागच्या अपडेटपर्यंत येत होता. दर वेळी होतं. सोबत लॉग, म्हणजे फोननं स्वतः ठेवलेली नोंद.

लॉग काढणं अवघड नाही. फोन जोडून एडीबी लॉगकॅट या आज्ञेनं जुना लॉग साफ करायचा, मग नवा चालू करून फाइलमध्ये वळवायचा, बिघाड घडवून आणायचा, लगेच कंट्रोल-सी दाबून थांबवायचा. माझा लॉग एका मिनिटाचा होता. दोन तासांचा लॉग पाठवलात तर कोण वाचणार? फोन स्वतःच बंद पडून सुरू होत असेल तर कर्नलचा मागचा लॉग पीस्टोर नावाच्या फोल्डरमध्ये सापडतो. पाठवण्याआधी फाइल उघडून शोधा, त्यात तुमचे फोन नंबर किंवा ईमेल असू शकतात. ते खोडा. पडद्याचा तिरका फोटो काढून पाठवू नका, अक्षरंच पाठवा.

रात्री उत्तर आलं: डेव्हलपर पर्यायात ब्लूटूथ एटूडीपीचं (ब्लूटूथवरून गाणं पाठवायच्या पद्धतीचं) हार्डवेअर ऑफलोड बंद करून फोन रीस्टार्ट करा. केलं. स्वयंपाकघरातून पखवाज ऐकू आला.

विचारण्याआधी विकी, मग लिबेरा चॅट या गप्पांच्या जागेवरची किंवा रेडिटवरची जुनी उत्तरं शोधा. दोष सिस्टीमचाच आहे अशी खात्री झाली तर त्यांच्या गिटलॅबवर (दोष नोंदवायची साइट) नोंद करा. मॅजिस्क (रूट देणारं साधन) किंवा दुसरं कर्नल टाकलं असेल तर आधी ते काढून दोष तसाच दिसतो का ते बघा. तुम्ही बदललेल्या बिल्डची तक्रार ते घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पुढची आवृत्ती कधी येणार हे विचारू नका. आपल्या मॉडेलचा सांभाळ करणारा माणूस नोकरी करून रात्री हे काम करतो.

उत्तर मिळालं आणि काम झालं की त्याच जागी परत जाऊन लिहा. काय केलं, कुठल्या बिल्डवर, चाललं की नाही. मी माझ्या प्रश्नाखाली दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहिल्या. महिन्याभरानं बेरिलियमवाल्या एकानं त्याखाली लिहिलं, माझाही स्पीकर लागला.