एकच खिचडी, दोन ताटं

एकाला वजन उतरवायचंय, दुसरा जिमवरून भुकेला येतो, म्हणून रोज रात्री दोन स्वयंपाक कशाला? मुगाची खिचडी कुकरला लावताना दोघांत मिळून एकच छोटा चमचा तेल वापरा, डाळ मात्र तांदळाइतकीच घ्या. फरक करायचा तो वाढताना. मोठा चमचाभर तूप म्हणजे साधारण 120 कॅलरी, 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे म्हणजे 170च्या आसपास. एवढं भुकेल्याच्या ताटात वरून घातलं की 290 वाढल्या, गॅस पुन्हा पेटवायला नको. हलक्या ताटात खिचडी एक वाटी, काकडीची कोशिंबीर भरपूर, पण दाण्याच्या कुटाशिवाय. कूट तिथेच गुपचूप घात करतं! सोबत ताक. तळलेला पापड? तो भुकेल्याकडे सरकवा.