गोव्यात फोटोग्राफीवर पोट भरायचंय? मग सनसेट जरा बाजूला ठेवा

वागातोरचा सनसेट सगळेच काढतात, इन्स्टावर त्याला लाईक पण बरे पडतात, पण पैसे मोजून तो विकत घेणारा मला तरी अजून भेटायचाय. इथे पैसा आहे तो लग्न-मुंजीत, भाड्याने देतात त्या व्हिलांच्या शूटमध्ये, रेस्टॉरंटच्या मेन्यूत आणि बाहेरून येणाऱ्या डेस्टिनेशन वेडिंगमध्ये. कंटाळवाणं वाटतं ऐकायला, पण महिन्याचा हप्ता त्यातूनच फिटतो.

नोकरी लगेच सोडू नका. आधी एखाद्या चालत्या फोटोग्राफरकडे सेकंड शूटर, म्हणजे मेन फोटोग्राफरच्या जोडीला फोटो काढणारा म्हणून जा. डेस्टिनेशन वेडिंगवाले मेन फोटोग्राफर बरेचदा मुंबई-दिल्लीहून आणतात, पण जोडीला माणूस इथलाच मिळाला तर त्यांचं विमानाचं आणि राहायचं बिल वाचतं, म्हणजे तुम्हाला चान्स आहे. वेडिंग प्लॅनरला मेसेज करताना तीनशे फोटोंची लिंक पाठवू नका हो, कोण बघणार, एकाच कार्यक्रमाचे वीस-पंचवीस पाठवा, सकाळपासून रात्रीपर्यंतचे, म्हणजे समोरच्याला कळतं की हा माणूस दिवसभर टिकतो.

पोर्टफोलिओ नाहीये? शिगमो आहे की, होळीच्या दिवसांतला गोव्याचा उत्सव! रोमटामेळ (ढोल-ताशावर नाचत निघणारी पथकं) आणि चित्ररथ पुढे सरकत असतात, उजेड उतरत असतो, मधे मधे माणसं येतात, यापेक्षा चांगली प्रॅक्टिस फुकटात कुठे मिळणार. दुसऱ्या दिवशी पथकातल्या कुणाला तरी गाठून त्यांचे फोटो द्या. त्यातल्याच कुणाच्या घरी पुढे साखरपुडा निघतो आणि फोन तुम्हालाच येतो. गोव्यात निम्मं काम असंच ओळखीतून मिळतं.

आता लग्नाचं एक नीट सांगतो. दुपारचा मुहूर्त, वर पिवळं किंवा हिरवं मंडपाचं कापड, त्यातून ऊन गाळून खाली येतं आणि सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. हे नंतर लाईटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) धड सुधारत नाही कारण चेहऱ्याची एक बाजू पिवळी असते आणि बाहेरून उजेड येतो ती दुसरी बाजू निळसर. म्हणून विधी मंडपात काढा, तिथे इलाज नाही, पण फॅमिली फोटोंसाठी सगळ्यांना बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) सावलीत नाहीतर देवळाच्या पांढऱ्या भिंतीजवळ घेऊन या. काकी कुरकुरतील, कुरकुरू देत, अल्बम आला की त्याच सगळ्यांना दाखवत फिरतात. चर्चमधलं लग्न असेल तर आदल्या दिवशीच पाद्रींना भेटून फ्लॅश चालेल का आणि कुठवर जायचं ते विचारून ठेवा.

रेटचं गणित घरी बसून करा. समजा कॅमेरा-लेन्स मिळून दोन लाखांचं सामान आहे आणि ते चार वर्षं चाललं, तर वर्षाला 50 हजार, वर्षात 50 कामं केलीत तर प्रत्येक कामामागे 1,000 रुपये नुसती झीज. त्यावर पेट्रोल, असिस्टंट, हार्ड डिस्क, आणि लग्न एक दिवसाचं असलं तरी एडिटिंगला तीन-चार दिवस जातात ते धरा. हा हिशोब न करता 'सुरुवात आहे, कमी घेतो' म्हणालात तर तोच तुमचा रेट म्हणून गावभर होतो. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख अडकवू नका, भावाचं लग्न असलं तरी (बरं, सख्ख्या भावाचं सोडून द्या). वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटीचं रजिस्ट्रेशन लागतं, तोवर साधं बिलबुक आणि वेगळं बँक खातं पुरे.

कागद मात्र पहिल्या कामापासून करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो क्लायंट, तुम्ही नाही! फोटो पोर्टफोलिओत वापरायचे तर तसं लिहून सही घ्या, व्हॉट्सॲपवरच्या 'ओके'वर राहू नका. त्याच कागदावर किती फोटो, किती दिवसांत आणि रॉ फाईल (कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाईल) देणार की नाही हेही लिहा, नाहीतर भांडणं नेमकी तिथेच होतात.

ड्रोनचं पण बघा, कमर्शियल कामाला 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवायचा तर 2021 च्या नियमांप्रमाणे रजिस्ट्रेशन आणि रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, त्यात दाबोळीचा विमानतळ नौदलाचा आणि उत्तरेला मोपा, त्यामुळे उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर तिथे ड्रोन चालतो का, तो झोन तपासा. पणजीतल्या फोंतेन्हासमध्ये, त्या जुन्या रंगीत घरांच्या वाड्यात, प्री-वेडिंग शूट करायचं असेल तर कुणाच्या दारात जोडपं उभं करण्याआधी घरातल्यांना विचारा, तिथले लोक या प्रकाराला जाम वैतागलेत.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर कामं आटतात, म्हणून सीझनच्या प्रत्येक बिलातले थोडे पैसे बाजूला टाकत जा. लेन्स कपाटात कोंडून ठेवाल तर आपल्याकडच्या दमटपणात बुरशी धरलीच म्हणून समजा, सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा तरी करा, जमलं तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. राहिलेले अल्बम याच दिवसांत उरका आणि व्हिलावाल्यांना फोन पण तेव्हाच करा, कारण ऑक्टोबरचे टुरिस्ट यायच्या आत त्यांना वेबसाईटवर नवे फोटो हवे असतात.